लेप कुणाचा

"हिचं काय, ही भांडी घासायची," असं छोटू चारचौघांत म्हणाला आणि त्या क्षणी ताईनं आपल्या सख्ख्या भावावर डूख धरला.

तसं तो हसतहसत म्हणाला होता. हंगामाच्या अखेरीस अडत्ये माल बघायला वखारीत जमले होते. वखार म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली, एका टोकाला फळं धुवायचा हौद, मधे निवडणाऱ्या बायकांचे बाक आणि दुसऱ्या टोकाला छतापर्यंत रचलेले क्रेट. मधल्या मोठ्या टेबलावर संत्री कापून ठेवली होती. झाडावरून उतरून त्यांना कितीतरी आठवडे लोटले होते आणि तरी सुरी लागली की रस उडत होता. म्हाताऱ्या अडत्यानं एक फोड तोंडात टाकली. हा ज्या वखारीचा माल घेईल तिचा माल सगळा बाजार घ्यायचा आणि हा ज्याला नाक मुरडेल त्याला पुन्हा कुणी विचारायचं नाही. त्यानं डोळे मिटून फोड संपवली आणि विचारलं, की हा लेप शोधला कुणी. ताई तिथंच उभी होती, काखेत कुबडी घेऊन, कारण पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत छोटू म्हणाला की मीच, फार डोकं झिजवलं त्यात. म्हाताऱ्यानं ताईकडे बोट करून विचारलं, आणि या कोण? तेव्हा छोटूनं ते भांड्यांचं सांगितलं.

सगळे हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बड्या माणसाच्या प्रश्नाला कुणी चटपटीत उत्तर दिलं की बाकीचे हसतातच. वाईट इतकंच की ताईसुद्धा हसली. चारचौघांत भावाचं तोंड पाडायचं नाही ही तिची लहानपणापासूनची सवय, ती नको तेव्हा आडवी आली. ते हसू तिला पुढे कित्येक महिने छळत राहिलं.

छोटू हे त्याचं पाळण्यातलं लाडाचं नाव. आता तो असा काही आडवा वाढला होता की वखारीच्या मागच्या दारातून तिरका होऊन आत यायचा, पण नाव तेवढंच राहिलं होतं. ताई त्याच्याहून बरीच मोठी. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

आता लेप खरा कुणाचा, ते आधीच सांगून टाकू, म्हणजे कुणाला उगाच शंका नको. लेप ताईचा होता. वखार बापाची होती तेव्हापासून फळाला कारखान्याचं डबाबंद औषध लावायचे. त्यानं फळ टिकायचं, पण निवडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघायची. ताई लग्नाआधी त्याच बाकावर बसायची. संध्याकाळी स्वयंपाकात मिठाला हात लागला की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. बापाला सांगितलं तर तो म्हणायचा, हातमोजे घाला. हातमोज्यांतून फळाचा मऊपणा कळत नाही, हे सांगितलं की तो पेपर उघडायचा.

म्हणून मग लग्न होऊन त्याच गल्लीत चार घरं पलीकडे गेल्यावर तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात खटाटोप सुरू केला. दालचिनी उकळून पाहिली, मध लावून पाहिला, गरम पाण्यात फळं बुचकळून पाहिली. मधाला मुंग्या लागल्या आणि मुंग्यांनी अख्खी टोपली उचलून न्यायची काय ती बाकी ठेवली. नवरा शिवणकाम करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, आणि मागून दिवसभर लवंगेच्या तेलाचा वास. तो म्हणायचा, गिऱ्हाईक कोट शिवायला येतं आणि दाढ उपटून घ्यायच्या तयारीनं तोंड उघडतं. पण त्यानं तिला कधी अडवलं नाही. शेवटी जमलं ते असं: कोरफडीचा गर गाळून घ्यायचा, मधमाशीचं मेण मंद आचेवर वितळवायचं आणि दोन्ही गरम असतानाच घुसळून एकजीव करायचं. कोरफडीचा जीव पाण्यात, मेणाचा तेलात, दोघांचं एका घरात पटणं मुश्कील. घुसळताना हात थांबला की दोघं वेगवेगळे होऊन बसायचे. थांबला नाही तर सायीसारखा लेप व्हायचा, आणि त्यात शेवटी लवंगेच्या तेलाचे मोजके थेंब पडायचे, बुरशीला दाराबाहेर ठेवण्यापुरते. त्या लेपात बुडवून वाळवलेलं संत्रं ना सुकायचं ना सडायचं, आणि बायकांची बोटं शाबूत राहायची. बाप जायच्या आधी वखारीत लेप सुरू झाला. वखार छोटूकडे आली, लेपाचा चुला ताईकडे राहिला.

मग ऐन हंगामात ताई माळ्याच्या शिडीवरून पडली आणि पाय मोडला. छोटू रोज संध्याकाळी तिच्या उशाशी येऊन बसायचा. ती पडल्यापडल्या सांगायची, गर किती, मेण किती, आच केवढी, घुसळताना कशाकडे बघायचं. तो शहाण्या पोरासारखा परत म्हणून दाखवायचा. चुकला की ती दुरुस्त करायची. भाऊ असावा तर असा, असं तेव्हा तिनं नवऱ्याला म्हटलं होतं. हे आठवलं की आता तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

त्या हसण्याच्या दिवशी ती घरी आली ती थेट नवऱ्यासमोर उभी राहिली. तिला काय हवं होतं ते तिनं स्पष्ट सांगितलं. त्याच टेबलाशी, त्याच माणसांसमोर, त्याच तोंडानं छोटूनं म्हणायचं की लेप माझ्या बहिणीचा आहे. याहून एक अक्षर जास्त नको, एक अक्षर कमी नको. आणि नाही म्हणाला तर त्याला असा तोंडघशी पाडीन की पुन्हा बाजारात मान वर करणार नाही. नवऱ्यानं दाताखालचा दोरा तोडला आणि म्हणाला, आधी एकदा विचारून तर बघ.

तिनं विचारलं. छोटू तिच्याकडे न बघता म्हणाला, "अगं ताई, धंद्याला एकच नाव लागतं. आणि आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?"

सगळं आपलं करून घेतलेला माणूसच हे वाक्य इतक्या सहज बोलू शकतो. ताईनं चुल्यावरचं पातेलं उतरवलं, हात पुसले आणि वखारीतून निघून आली. छोटूला त्याचं फार काही वाटलं नाही, कारण कृती त्याला पाठ होती.

घरी बसून राहणं ताईच्या स्वभावात नव्हतं. कोपऱ्यावरच्या फळवालीच्या परसात लिंबाची झाडं होती. त्या लिंबांना लेप लावून द्यायचं तिनं कबूल केलं. सकाळी फळवाली ताजी लिंबं तोडून आणायची, दुपारी ताई लेपात बुडवायची. आणि इथं तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या लेपानं दगा दिला. लिंबांवर तपकिरी डाग पडले, डाग खोल गेले, खोलात बुरशी धरली. फळवाली चांगली बाई, काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं ताईला जास्त लागलं. तिनं मेण बदललं, कोरफड बदलली, घुसळून हाताचे तुकडे पडायची वेळ आली. डाग जैसे थे.

उलगडा झाला तो आळसानं. नवऱ्याकडे एका लग्नघरचे कोट आले आणि ताई काजं करायला बसली. लिंबांची टोपली मागच्या ओसरीत वाऱ्यावर तशीच पडली. काम उरकून ती परत आली तेव्हा लिंबं जरा मऊ पडली होती, हाताला दमल्यासारखी लागत होती. फेकायच्या ऐवजी तिनं ती लेपात बुडवली. त्यांतल्या एकावरही डाग पडला नाही.

ताई त्या टोपलीपाशी जमिनीवर बसली आणि तिला सगळं कळलं. झाडावरून आत्ता उतरलेलं फळ तट्ट फुगलेलं असतं आणि सालीत त्याचं स्वतःचं तेल काठोकाठ भरलेलं असतं. जरा चोळलं, जरा दाबलं की ते तेल फुटतं आणि साल स्वतःच्याच तेलानं भाजते. तेच फळ वाऱ्यावर थोडं मऊ पडू दिलं की मुकाट लेप घेतं. मग वखारीत इतकी वर्षं डाग का पडले नाहीत? कारण बापाचा जुना ट्रक. तो वाटेत हमखास बंद पडायचा, माल कधी वेळेवर आला नाही, आल्यावर उतरवायला माणसं मिळायची नाहीत, आणि क्रेट बाहेरच्या पडवीत रखडायचे. सगळे त्या ट्रकच्या नावानं बोटं मोडायचे. ती रखडपट्टी हीच लेपाची पहिली पायरी होती, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं, लेप शोधणारीलासुद्धा नाही. म्हणूनच उशाशी बसलेल्या भावाला तिनं ते सांगितलं नव्हतं.

मग तिला दुसरी गोष्ट सुचली. छोटूला नवा ट्रक घ्यायचा होता. कधीपासून तो त्याच्याच गोष्टी करायचा. ताई हसायला लागली. पुढच्या खोलीतून नवरा उठून आला, काय झालं म्हणून. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग छोटूला सांग की. त्याचा माल जाईल."

"तो विचारू दे," ताई म्हणाली.

"आणि विचारलं तर सांगशील?"

ताईनं टोपली उचलून ओसरीच्या कडेला नेऊन ठेवली. खरं तर तेव्हा तिचंही ठरलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिला झोप छान लागायला लागली आणि जेवण अंगी लागायला लागलं. सूड घ्यायचा विचार माणसाला इतका मानवतो हे तिला माहीत नव्हतं.

ट्रक आला. छोटूनं तो मुद्दाम गल्लीतून नेला आणि ताईच्या दारासमोर दोनदा हॉर्न वाजवला. गल्ली इतकी अरुंद की फळवालीला छत्री मिटून भिंतीला चिकटावं लागलं. आता सकाळी झाडावर असलेलं फळ संध्याकाळच्या आत लेपात, असं तो बाजारभर सांगत सुटला. जुन्या लोकांना कशी काही घाई नव्हती, नव्या माणसाला वेळेची किंमत कशी कळते, वगैरे. म्हाताऱ्या अडत्यानं खूश होऊन त्याच्याकडे त्या हंगामाचा सगळ्यात मोठा माल सोपवला. ताईच्या कानावर हे सगळं येत होतं, आणि ती भाजी चिरताना चक्क गुणगुणत होती.

मग एका दुपारी छोटू क्रेट खांद्यावर घेऊन आला. दारातून तिरका होऊन आत शिरला, नवऱ्याला "बरंय ना दाजी?" विचारलं आणि क्रेट ताईच्या पुढ्यात ठेवला. संत्र्यांवर तेच डाग होते, अजून छोटे, टाचणीनं टोचल्यासारखे. त्याचा चेहरा उतरला होता. पहिल्या काही खेपांना हे असं झालं, आणि मोठा माल उद्यापासून यायला लागेल, एवढं सांगून तो क्रेटशेजारी बसला.

ताईनं एक संत्रं हातात घेऊन फिरवलं. त्या वेळी तो एवढंच जरी म्हणाला असता की ताई, माझं चुकलं, तरी तिनं त्याला सगळं सांगून टाकलं असतं. हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते बहुतेक खरंही असावं. पाण्याचा पेला तिनंच त्याच्या हातात दिला होता. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "तू काहीतरी हातचं राखून ठेवलंयस. मला ठाऊक आहे. पहिल्यापासून तुझा स्वभावच तसा."

ताईनं संत्रं खाली ठेवलं. ती शांतपणे म्हणाली, "त्या टेबलाशी उभा राहून सगळ्यांना सांगशील, लेप कुणाचा ते?"

"सांगतो. हा माल एकदा नीट पार पडू दे, सगळ्यांना बोलावून सांगतो."

"शब्द?"

"शब्द. आता बोल."

"तेल कमी पडतंय," ताई म्हणाली. "लवंगेचं. तिप्पट घाल. आणि मेणाचा हात जरा जड ठेव."

पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. छोटूनं ते दोनदा परत म्हणून दाखवलं, क्रेट उचलला आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत ताई दारात उभी होती. तिप्पट तेलानं आधीच भाजलेल्या सालीचं काय होईल हे तिला जगात सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. आधी फळं अशी चमकतील आणि असा घमघमाट सुटेल की छोटूला आभाळ ठेंगणं होईल. सालीच्या आतलं जळणं वर यायला वेळ लागतो, आणि तोवर माल म्हाताऱ्याच्या कोठारात जाऊन पडलेला असेल. नवरा आत आला.  त्यानं उंबऱ्यावर पडलेलं एक संत्रं उचलून फळीवर ठेवलं आणि परत मशीनवर जाऊन बसला. त्या रात्री तो लवकर झोपला.

पुढचे काही आठवडे ताईला फार गोड गेले. छोटूनं फळवालीच्या हातून निरोप धाडला की माल आरशासारखा झालाय. ताई म्हणाली, वा. तिला छोटूचा चेहरा डोळ्यांसमोर दिसायचा, क्रेट उघडतानाचा. म्हातारा त्याला सगळ्यांदेखत कसा झापेल, तो खाली मान घालून कसा उभा राहील, आणि मग त्याला ते वाक्य कसं बोलावं लागेल, हे ती मनातल्या मनात रंगवायची आणि दर वेळी त्यात एखादा नवा अडत्या घालायची.

मग बोलावणं आलं. माल वखारीत परत आलाय, सगळे जमलेत, आणि छोटू म्हणतोय की ताईला घेऊन या, मला तिच्याबद्दल सगळ्यांसमोर सांगायचंय. ताईनं ठेवणीतले कपडे काढले. नवरा म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, याच, तुम्हीही ऐका.

वखारीच्या दारातच वासानं नाक झिणझिणलं, लवंग आणि सड एकत्र. टेबलावर क्रेट उघडून ओतले होते. काळपट, खचलेली, हिरव्या भुकटीनं माखलेली संत्री, आणि त्यांच्यावर अजूनही मेणाची चकाकी. बाकांपाशी निवडणाऱ्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. अडत्ये नाकाला रुमाल लावून बसले होते. ताईनं अंदाज केला होता त्याहून हे भयंकर होतं, आणि तिला जो आनंद झाला तोही त्याच मापाचा होता.

छोटू तिला बघून पुढे आला. त्याचे डोळे सुजले होते. म्हाताऱ्यानं त्याला आधीच धारेवर धरलं असावं, कारण बोलताना त्याचा आवाज घोगरा येत होता. पण तो नीट, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मी मागं याच टेबलाशी खोटं बोललो होतो. हा लेप माझा नाही. माझ्या ताईचा आहे. कोरफड, मेण, तेल, सगळी मापं तिची. या मालाला जे घातलं तेसुद्धा तिला विचारून, ती म्हणाली तेवढंच घातलं. मी तिच्या शब्दाबाहेर गेलो नाही."

यात लबाडी असती तर ताईला ती लगेच ओळखता आली असती, तिनं त्याला लहानाचा मोठा केला होता. पण लबाडी नव्हती. त्यानं दिलेला शब्द पाळला होता. तिला हवं होतं ते अक्षरन् अक्षर बोलला होता, त्याच टेबलाशी, त्याच माणसांसमोर. आणि त्या टेबलावर हा चिखल पडला होता.

म्हाताऱ्या अडत्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे हे तुझं काम."

त्यानं ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मागं जमलं ते नशीब असेल, तो बाकीच्यांना म्हणाला, घरगुती गोष्टींचा हाच घोळ असतो, आज एक, उद्या दुसरंच. मग त्यानं छोटूला सांगितलं की उद्यापासून जुनं डब्यातलं औषध चालू कर, ते असलं तरी एकसारखं असतं, आणि हा पाला-मेणाचा खेळ या बाजारात पुन्हा नको. छोटूनं मान डोलावली. भिंतीशी उभ्या बायकांमधली एक, ताईच्या जुन्या बाकावरची, तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

ताईला गप्प राहता आलं असतं. लोक म्हणाले असते की बाईचा लेप वाईट निघाला, त्या बिचाऱ्या भावाचं नुकसान झालं, आणि आठवड्यात विसरले असते. तिनं काय सांगितलं होतं आणि का, हे कुणालाही कधी कळलं नसतं. सूड जिथल्या तिथं पुरा झाला होता. फक्त त्यासाठी लेपाला मरावं लागणार होतं, आणि लेप तिचा होता, हे आत्ताच सगळ्यांना कळलं होतं.

"लेपाचा दोष नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिप्पट तेल मी मुद्दाम सांगितलं. माल सडावा म्हणूनच सांगितलं. तेलाचे मोजके थेंब पडतात, जास्त पडलं की साल जळते, हे मला माहीत होतं."

 एका अडत्यानं नाकावरचा रुमाल खाली घेतला. नवरा तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, इतक्या जवळ की त्याच्या सदऱ्याची बाही तिच्या हाताला लागत होती. छोटू तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागत होता, कारण त्याआधी त्याला एक शंका आली होती.

"पण डाग तर त्याच्या आधीपासून पडत होते," तो म्हणाला. "तेल तर नंतर वाढवलं."

तो इतकं नीट बघेल अशी तिची अपेक्षा नव्हती. सगळे पुन्हा तिच्याकडे वळले. आता इथं थांबलं तर लेप अर्धाच निर्दोष ठरत होता, आणि अर्धवट भरवशाच्या लेपावर म्हातारा पाणी सोडणार हे दिसत होतं. ताईनं टेबलाच्या कोपऱ्यातलं, आजच झाडावरून आलेलं एक संत्रं उचललं. त्याची साल नखानं तोडून तिनं म्हाताऱ्याच्या चष्म्यासमोर दुमडली. बारीक फवारा उडाला आणि काचेवर ठिपके पडले. मग तिनं सांगितलं. ताजं फळ कसं भाजतं, जुन्या ट्रकची रखडपट्टी कशी उपयोगी पडायची, नव्या ट्रकनं कसा घात केला, फळ मऊ पडेपर्यंत वाऱ्यावर कसं ठेवायचं. बोलताना तिला कळत होतं की हातात उरलेलं शेवटचं तेवढंच होतं, आणि ते ती आपल्या तोंडानं देऊन टाकते आहे.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ती साल स्वतःच्या बोटांत दुमडून पाहिली. शेवटी तो म्हणाला की ठीक आहे, लेप चालू ठेवा. मग छोटूकडे बोट करून म्हणाला, "पण तो हा करेल. बाईंचा लेप चांगला असेल, पण आमच्या मालाला त्यांचा हात नको."

यावर कुणाचं दुमत नव्हतं. ताईचंही नव्हतं, कारण त्याच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. अडत्ये उठले, खुर्च्या सरकल्या. निवडणाऱ्या बायका टेबलावरची घाण बादल्यांत भरायला लागल्या, आणि तिच्या जुन्या बाकावरची बाई तिच्या अगदी शेजारून गेली, पण वर बघितलं नाही.

ताई दाराकडे वळली. छोटू मागून आला. तिला वाटलं, आता शिव्या देईल, आणि तिला त्या हव्याच होत्या. निदान मग दोघं बरोबरीत आले असते. पण त्याला उद्याच्या मालाची काळजी पडली होती.

"मऊ पडलं हे ओळखायचं कसं?" त्यानं विचारलं. "आणि पडवीत ठेवताना वर पोतं झाकायचं का?"

त्याच्याइतका राग तिला या जगात दुसऱ्या कुणाचाच आला नव्हता, आणि तो राग आता कशाच्याही उपयोगाचा नव्हता. नवरा बाहेर रस्त्यावर तिची वाट बघत उभा होता.

"झाकायचं नाही," ताई म्हणाली. "वारा लागू दे. अंगठ्यानं दाबून साल दबली आणि तेल उडालं नाही, की समज झालं."

तो ऐकून मान हलवत होता, पण त्याचं लक्ष नीट आहे असं तिला वाटेना. हा पुन्हा चुकीचं करेल, या भीतीनं तिनं ते त्याला परत एकदा सांगितलं.